वारंवार घडणारे पाप, वारंवार येणारा वरुण

श्रावण शुद्ध पौर्णिमेस आपल्याकडे तीन विधी एकत्र येतात. बहीण भावाच्या मनगटी राखी बांधते, यजुर्वेदी ब्राह्मण श्रावणी करून नवे यज्ञोपवीत धारण करतात, आणि कोकणच्या किनाऱ्यावर दर्यावर्दी मंडळी समुद्रास नारळ अर्पण करतात. पहिल्या विधीचे कौतुक घरोघरी होते. उरलेल्या दोहोंचे परस्परांशी काही नाते असेल, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. एक विधी देवळाच्या ओवरीत पळीपंचपात्री घेऊन शांतपणे चालतो, तर दुसरा ढोलताशांच्या गजरात खाऱ्या पाण्यापर्यंत जातो. तथापि दोहोंच्या मुळाशी पाणी आहे, आणि पाण्याचा राजा वरुण आहे. त्या वरुणाशी आपल्या पूर्वजांचे जे बोलणे चाले, त्यात एक प्रश्न फिरून फिरून येतो: घेतलेला नियम आम्ही पुन्हा पुन्हा मोडतो, त्याचे काय करावे?

श्रावणीचा संकल्प ज्यांनी लक्षपूर्वक ऐकला असेल त्यांना आमचे म्हणणे पटेल. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री पंडित, त्याच्या नावाने ओळखला जाणारा स्नानसंकल्प पुष्कळ ठिकाणी म्हणतात. त्यात महापातकांपासून प्रकीर्णकांपर्यंत पापांची भली मोठी यादी असते. पाटावर बसलेल्या गृहस्थास वाटते, 'आपण काही ब्रह्महत्या केलेली नाही, सुवर्णाची चोरी केलेली नाही; गुरुजी हे उगाच आपल्याकडून म्हणवून घेत आहेत.' यादी लांबली की त्याचे लक्ष स्वयंपाकघरातून येणाऱ्या नारळीभाताच्या वासाकडे जाते. परंतु त्याच संकल्पात एक लहानसा जोडशब्द येतो, 'सकृदसकृत्'. सकृत् म्हणजे एकवार, असकृत् म्हणजे वारंवार. एकदा घडलेले आणि वारंवार घडलेले, अशा दोन्ही पापांचे क्षालन व्हावे, असा त्याचा भाव आहे. ब्रह्महत्या आपल्याला लागू पडत नसेल. 'असकृत्' हा शब्द मात्र पाटावर बसलेल्या प्रत्येकास लागू पडतो. बायकोमुलांवर रोज तोच आवाज चढवणारा, हिशेबात रोज तोच लहानसा फरक करणारा, देवापुढे निरांजन लावून शेजाऱ्याची निंदा ऐकायला ओट्यावर जाणारा, हे सगळे त्या एका शब्दात येतात.

वर्षाची गोष्ट राहू द्या. जे नित्य संध्या करतात त्यांच्या मुखी हीच कबुली दिवसातून दोन वेळा येते. सायंसंध्येच्या मंत्राचमनात दिवसभर मनाने, वाचेने, हातांनी, पायांनी, उदराने जे घडले त्याची क्षमा मागायची, आणि प्रातःसंध्येत रात्री घडले त्याची. आजची तरुण मंडळी यावर आक्षेप घेतात की रोज पाप करायचे आणि रोज क्षमा मागायची, हा चांगला व्यवहार झाला. हा आक्षेप आपण फार नवा काढला असे त्यांना वाटते. तो परीक्षित राजाने काढला आहे.

श्रीमद्भागवताच्या षष्ठ स्कंधाच्या आरंभी राजा शुकाचार्यांस विचारतो की, हे कर्म आपल्या अहिताचे आहे असे मनुष्य डोळ्यांनी पाहतो, कानांनी ऐकतो, आणि तरीही परतंत्र झाल्यासारखा तेच करतो. मग प्रायश्चित्ताचा उपयोग काय? काही दिवस तो पापापासून परततो, काही दिवसांनी पुन्हा तिकडेच जातो. हे सारे आपल्याला हत्तीच्या स्नानासारखे व्यर्थ वाटते, असे राजा स्पष्ट सांगतो. हत्ती नदीत यथेच्छ डुंबतो आणि काठावर येताच सोंडेने धूळ उचलून अंगावर उडवतो. ज्याला सात दिवसांनी मरायचे आहे असा श्रोता हे विचारीत आहे, हे विसरू नये. त्याला वादासाठी वाद घालण्यास वेळ नाही.

शुकाचार्यांचे उत्तर विशेष आहे. ते राजाचा आक्षेप खोडून काढीत नाहीत, मान्य करतात. एका कर्माने दुसऱ्या कर्माचा समूळ नाश होत नाही, कारण करणाराचे अज्ञान तसेच शिल्लक राहते. विमर्श, म्हणजे आपल्या वागण्याचा खोल विचार, हेच प्रायश्चित्त. पथ्याचे अन्न खाणाऱ्याला रोग सहसा गाठीत नाहीत, तसा नियमाने राहणारा हळूहळू कल्याणास पात्र होतो. तप, ब्रह्मचर्य, दान यांनी पाप जळते, पण ते वेळूच्या बेटाला आग लागावी तसे. कोकणातील माणसास अधिक सांगायला नको. वेळूचे बेट जळाले तरी पहिल्या पावसात कोंब पुन्हा वर येतात. भगवंताच्या भक्तीने मात्र सूर्याने धुके नाहीसे करावे तसे पाप जाते. आणि ज्याने भगवंताकडे पाठच फिरवली आहे, त्याला कितीही प्रायश्चित्ते दिली तरी मद्याचा घडा नद्यांनी धुवावा तशी गत होते. नामाच्या बळावर पाप करणे हा तर पद्मपुराणाने दहा नामापराधांत मोजलेला अपराध आहे. तेव्हा 'चांगला व्यवहार झाला' म्हणणाऱ्या तरुणांचे आणि शास्त्रकारांचे इथवर एकमत आहे.

आता वरुणाकडे वळू, आणि त्यासाठी मांडवीवर येऊ.

रत्नागिरीच्या मांडवीचा किनारा भाविकांच्या परिचयाचा आहे. काळसर वाळू, एका अंगास रत्नदुर्ग आणि त्यावरचे भगवतीचे देऊळ, दुसऱ्या अंगास भाट्याची खाडी, जिथे काजळी नदी समुद्रास मिळते. मांडवी या शब्दाचा अर्थच जकातीचे ठाणे असा आहे. आलेल्या माणसाने आपल्या गलबतात काय आहे ते इथे सांगायचे. लपवलेले सापडले तर अधिक भरायचे. समुद्रकाठच्या वस्तीला हे नाव पडावे यात व्यापाराखेरीज दुसरे काही नसेल. पण वरुणाच्या दारात उभे राहताना आम्हाला ते आठवते. पूर्वी पावसाळाभर होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवीत, आणि पौर्णिमेचा नारळ पडल्याखेरीज कोणी समुद्रात होडी घालीत नसे. आता शासनाची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते आणि पौर्णिमा ऑगस्टात येते, म्हणून काही नौका नारळाच्या आधीच बाहेर पडतात. तरीही पौर्णिमेस नारळ पडतोच.

पश्चिम ही वरुणाची दिशा. तैत्तिरीय शाखेच्या सायंसंध्येत उपस्थानाच्या वेळी ज्या ऋचा म्हणतात त्या वरुणाच्या आहेत. मांडवीवर पश्चिमेकडे तोंड केले की समोर समुद्रच येतो. या ऋचांतील एक शुनःशेपाची आहे. तिच्यात तो वरुणाला सांगतो, की आम्ही माणसे तुझे व्रत दिवसेंदिवस मोडीत असतो. दुसरी वसिष्ठांच्या सूक्तातील आहे. अविचाराने आमच्याकडून तुझे नियम मोडले गेले तर त्या पापासाठी आमचा घात करू नकोस, असे तिचे मागणे आहे. हजारो वर्षे रोज सूर्यास्तास म्हणण्यासाठी आपल्या पूर्वजांनी निवडलेल्या या ऋचा आहेत. स्वतःच्या पुण्याची नोंद देवापुढे मांडण्याचे काम त्यांनी या वेळेसाठी ठेवले नाही.

वसिष्ठांची वरुणसूक्ते ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात आहेत, आणि आमच्या मते आपल्या साऱ्या भक्तिवाङ्मयाचे बीज तिथे आहे. वरुण आणि आपण एकाच नावेत बसून भर समुद्रात गेलो होतो, लाटांवर झोपाळ्यासारखे झुललो होतो, ते सख्य कुठे गेले, असे वसिष्ठ विचारतात. आपले काय चुकले हे ते जाणत्यांना विचारत फिरतात, आणि सगळे एकच सांगतात, वरुण तुझ्यावर रागावला आहे. मग ते कारणे शोधतात. मद्य, क्रोध, द्यूत, अविचार, धाकट्याला वाट चुकवणारा थोरला. फार काय, झोपेतसुद्धा पाप टळत नाही. वाडवडिलांनी केलेल्या द्रोहातून आणि आम्ही स्वतः केलेल्या अपराधांतून, दाव्याला बांधलेले वासरू सोडावे तसे आम्हाला सोड, अशी ते प्रार्थना करतात. ही प्रार्थना एका महर्षीची आहे. पाण्याच्या मधोमध उभा असून मी तहानलेला आहे, असेही ते म्हणतात. खाऱ्या पाण्याच्या काठी राहणारांना ती तहान समजावून सांगावी लागत नाही.

वरुणाचे आयुध पाश. त्याचे हेर सर्वत्र फिरतात आणि नियम मोडणारा त्याच्या पाशात सापडतो. हा पाश कसा पडतो आणि कसा सुटतो, याची एक कथा ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेत आहे. राजसूय यज्ञात अभिषेक झालेल्या राजाला होत्याने ती सांगावी, असे विधान आहे. कथेचा नायक हरिश्चंद्र आहे. पण भाविकांनी दचकू नये. डोंबाघरी पाणी भरणारा, तारामती आणि रोहिदास यांना विकून सत्य राखणारा हरिश्चंद्र मार्कंडेय पुराणातला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पडद्यावर आणला तोही तोच. ऐतरेय ब्राह्मणाने त्याच राजाची दुसरी, अधिक जुनी आणि अधिक अडचणीची हकीकत सांगितली आहे.

इक्ष्वाकू कुळातील या राजाला शंभर राण्या होत्या, पण पुत्र नव्हता. त्याच्या घरी नारद उतरले होते, तेच नारद, जे आम्हा कीर्तनकारांचे आद्य गुरू. त्यांनी सुचवले की वरुणाला शरण जा. राजाने वरुणाला म्हटले, मला पुत्र होऊ दे, मी त्यानेच तुझे यजन करीन. पुत्र झाला, त्याचे नाव रोहित. वरुण आला आणि म्हणाला, दिलेले वचन पाळ. राजा म्हणाला, बळीचा पशू दहा दिवसांचा झाल्याखेरीज योग्य होत नाही, दहा दिवस जाऊ दे. दहा दिवस गेले, वरुण आला. आता दात येऊ देत. दात आले, वरुण आला. आता दुधाचे दात पडू देत. दात पडले, वरुण आला. आता नवे दात येऊ देत. तेही आले, वरुणही आला. आता क्षत्रियाचा मुलगा कवच धारण करण्याइतका होऊ दे. दर वेळी वरुण 'तथास्तु' म्हणून परत जातो. असे पाच वेळा घडते.

पित्याच्या जागी कोणीही असता तरी त्याने हेच केले असते, आणि मुलाला मारण्याचे वचन पाळले गेले नाही हे चांगलेच झाले. आम्हीही तसेच मानतो. परंतु कथेचे मर्म बळीत नाही, राजाच्या बोलण्यात आहे. राजा एकदाही 'हे मला जमणार नाही' असे सांगत नाही. तसे म्हटले असते तर ती प्रार्थना झाली असती. तो केवळ पुढची तारीख देतो. प्रत्येक तारीख योग्य दिसते, शास्त्राला धरून वाटते, आणि ती संपली की दुसरी तयार असते. वारंवार घडणाऱ्या पापाचे इतके अचूक चित्र आम्हाला दुसरीकडे आढळले नाही. 'या पौर्णिमेपासून सोडतो', 'मुलीचे लग्न होऊ दे', 'ही बदली होऊ दे', ही सगळी हरिश्चंद्राचीच भाषा.

पुढे रोहित कवच घालण्याइतका मोठा झाला. बापाने सगळे सांगितल्यावर धनुष्य घेऊन तो अरण्यात निघून गेला. वरुणाने राजाला पकडले आणि त्याला जलोदर झाला. वचन पोटात ठेवणाऱ्याच्या पोटातच पाणी भरले. रोहित बापाचे हाल ऐकून परतू लागला, की इंद्र वाटेत मनुष्यरूपाने भेटून त्याला 'चालत राहा' म्हणे. तो प्रसिद्ध उपदेश याच कथेतला. सहाव्या वर्षी त्याला अजीगर्त नावाचा भुकेने गांजलेला ब्राह्मण भेटला. त्याला तीन मुलगे. थोरला बापाला सोडवेना, धाकटा आईला सोडवेना. मधला शुनःशेप शंभर गाईंना विकला गेला. यज्ञात त्याला यूपाला बांधायला कोणी पुढे होईना. आणखी शंभर गाई घेऊन बापानेच बांधले. मारायलाही कोणी तयार होईना. आणखी शंभर गाई ठरल्या, आणि बाप शस्त्राला धार लावीत पुढे आला. त्या यज्ञात होता विश्वामित्र होते, ब्रह्मा वसिष्ठ होते. अशा थोरांच्या देखत हे चालले होते.

शुनःशेपाने पाहिले की हे आपल्याला माणूस नसल्यासारखे मारणार. त्याने देवांना हाका मारल्या. प्रजापतीने अग्नीकडे पाठवले, अग्नीने सवित्याकडे, सवित्याने सांगितले की तू वरुणासाठी बांधला गेला आहेस, त्याच्याकडेच जा. एकतीस ऋचांनी त्याने वरुणाला आळवले. 'दिवसेंदिवस तुझे व्रत मोडतो' ही ऋचा त्यांतलीच. म्हणजे ज्याने काहीच केले नव्हते असा मुलगा खांबाला बांधलेला असताना 'तू मोडतोस' असे कोणाला न म्हणता 'आम्ही मोडतो' म्हणाला. शेवटी उषेची स्तुती करताना एकेक ऋचेगणिक पाश सैल होत गेला आणि तिकडे राजाचे पोट उतरत गेले. शेवटच्या ऋचेला पाश सुटला, राजा बरा झाला.

काही वर्षांपूर्वी मांडवीत याच दिवसांत आमचे कीर्तन होते आणि उत्तररंगाला आम्ही हे आख्यान लावले होते. बुक्का, प्रसाद झाला, मंडळी पांगली. पन्नाशीचा एक तांडेल खांबाशी उभा राहिला. चार माणसे गेल्यावर पुढे आला आणि म्हणाला, "बुवा, दरसाल नारळ टाकताना बाटली सोडल्याची शपथ घेतो. दिवाळीपातूर टिकतं. मग परत तेच. तो राजा बरा, त्याच्याकडं वरुण पाच वेळा आला. माझ्याकडं कोण येत नाय. देव माझा हात का धरीत नाय?"

अशा प्रश्नाला झटपट उत्तर देण्याचा मोह कीर्तनकाराला फार होतो. पांडवगीतेत दुर्योधनाच्या तोंडी एक प्रसिद्ध उद्गार आहे. धर्म कळतो पण वळत नाही, अधर्मही कळतो पण सुटत नाही, हृदयात बसलेला कोणी देव मला नेमतो तसे मी करतो, अशा अर्थाचा. सभेत तो म्हटला की श्रोते माना डोलावतात. पण त्यात दुर्योधनाने आपल्या पापाचे ओझे देवाच्या डोक्यावर ठेवले आहे. अर्जुनाने गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हाच प्रश्न विचारला, तेव्हा भगवंतांनी काम आणि क्रोध या शत्रूंची नावे सांगितली. स्वतःचे नाव त्यांत घातले नाही.

आम्ही त्याला विचारले, "तांडेल, शपथ मोडली की दुसऱ्या दिवशी काय होते?"

तो म्हणाला, "झोप लागत नाय. पहाटे उठून जेटीवर जाऊन बसतो. पण पाण्याकडं बघवत नाय."

पाच वेळा येणारा वरुण राजाच्या दाराशी आला तो याच रूपाने आला असावा, असे आम्हास वाटते. रागावून एकदाच पाश टाकला असता तर काम झाले असते. राजाला तर पुत्रही मिळून गेला होता. तरी वरुण येत राहिला, विचारीत राहिला, 'तथास्तु' म्हणून परत गेला. पाप जितक्या वेळा घडले तितक्या वेळा तो आला. लोक देवाचा हस्तक्षेप म्हणतात तो आकाशातून हात येऊन पेला हिसकावून घेण्यात शोधतात, आणि पहाटेची ती झोपमोड जमेस धरीत नाहीत. ज्या दिवशी ती झोपमोड थांबेल त्या दिवशी मात्र काळजी करावी.

अजामिळाची कथा भागवतात परीक्षितीच्या प्रश्नापाठोपाठच येते, ती याच कारणाने. कान्यकुब्जाचा तो ब्राह्मण एका मोहाच्या क्षणी घसरला आणि पुढे जन्मभर तेच जिणे जगला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा झाल्यावर अंतकाळी धाकट्या नारायण नावाच्या मुलाला हाक मारली आणि विष्णुदूत धावून आले, एवढेच सर्वांना पाठ असते. पण त्या वेळी विष्णुदूतांनी त्याला वैकुंठास नेले नाही. त्यांनी यमदूतांना अडवले, आणि ते गेले. अजामिळ त्याच अंथरुणावर, त्याच घरात उरला. मग त्याला आपले आयुष्य दिसले, पश्चात्ताप झाला, सारे सोडून तो गंगाद्वारी गेला आणि तेथे साधना केल्यावर ते चौघे पुन्हा आले. त्या पहिल्या खेपेस त्याला मिळाला तो वेळ. उरलेले त्याला करावे लागले.

तांडेलाची दुसरी तक्रार अधिक कठीण होती. घरातल्या पेटीची किल्ली बायको त्याच्या हाती देत नाही. "सोडली म्हटलं तरी ऐकत नाय बुवा. म्हणते, एकदा केलं तो माणूस परत करतोच."

त्या बाईने ऐतरेय ब्राह्मण वाचलेले नव्हते. त्या रात्री आम्ही कथा शुनःशेपाच्या सुटकेपर्यंतच आणली होती. पुढचा भाग कीर्तनात सहसा आणीत नाहीत, कारण तो गोड नाही. मुलगा सुटल्यावर अजीगर्त पुढे झाला. केलेले पाप मला जाळते आहे, त्या गाई मी तुला परत देतो, तू घरी चल, असे तो म्हणाला. त्याचा पश्चात्ताप खोटा होता असे ग्रंथ कोठेही म्हणत नाही. शुनःशेपाने मात्र उत्तर दिले की, ज्याने एकदा पाप केले तो ते पुन्हाही करील. तू केलेस ते पुन्हा सांधता न येण्यासारखे आहे. ग्रंथाचा शब्द 'असंधेय' असा आहे. विश्वामित्रांनी त्याला दुजोरा दिला, आणि त्याला आपला पुत्र केले. त्याचे नाव देवरात पडले, देवांनी दिलेला.

ज्याने क्षणापूर्वी वरुणापुढे 'आम्ही दिवसेंदिवस मोडतो' असे म्हणून मोकळीक मिळवली, तोच बापाला मोकळीक देत नाही. पुष्कळांना ही विसंगती वाटते. आम्हाला यात कथेचा सर्वांत प्रामाणिक भाग दिसतो. पाश सोडणे वरुणाच्या हाती आहे. पण ज्याच्या गळ्यावर शस्त्र धरले गेले त्याने पुन्हा विश्वास ठेवावा, अशी सक्ती देवही करीत नाही. विश्वामित्रांनी किंवा वसिष्ठांनी त्या मुलाला 'बाप आहे, विसरून जा' असा उपदेश केला नाही.

वसिष्ठांनी वाडवडिलांच्या द्रोहाचा उल्लेख केला आहे, तेव्हा आपल्या गावचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पतितपावन हे देवाचे नाव आम्ही कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो, आणि ते ऐकण्यासाठी ज्यांनी सर्वांत आधी यावे ते देवळाबाहेर उभे असत. हेही असकृत् पाप होते. रोज संध्याकाळी, टाळांच्या गजरात घडणारे, आणि कोणाच्याही संकल्पाच्या यादीत नसलेले. स्थानबद्ध म्हणून स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत होते. त्यांच्या प्रयत्नाने आणि दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्याने सर्व हिंदूंना मुक्तद्वार असलेले पतितपावन मंदिर येथे उभे राहिले, आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या उपस्थितीत तेथे प्राणप्रतिष्ठा झाली. पंढरीच्या विठ्ठलाचे दार उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले. वरुण वारंवार येतो, तो असाही येतो. आणि याच रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी त्यांच्या अनुयायांनी १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह केला होता. भाविकांपैकी काहींना त्यांचा निर्णय अजून बोचतो. त्यांनी शुनःशेपाचे उत्तर एकदा मूळ ग्रंथातून वाचावे, एवढीच आमची विनंती.

तांडेलाला आम्ही त्या रात्री अजीगर्ताचा भाग सांगितला. किल्ली मागू नका, असे सांगितले. वरुणाकडे जे मागायचे ते बायकोकडे मागायचे नसते. तिने काय सोसले ते तिला ठाऊक, आणि तिचा हिशेब तिच्या वेगाने चालेल. आणखी एक सांगितले, की पुढच्या नारळाला 'सोडली' असे म्हणू नका, ती हरिश्चंद्राची तारीख होते. जे खरे आहे ते सांगा, की आपल्याच्याने होत नाही. तो काही बोलला नाही. पाया पडला आणि गेला.

पुढल्या पौर्णिमेस तो किनाऱ्यावर भेटला. नारळ टाकून ओल्या पायांनीच आमच्याकडे आला आणि म्हणाला, "बुवा, या खेपेला शिमग्यापातूर टिकलं." शिमग्यात मोडले होते, आणि त्यानंतर पुन्हा तीन महिने टिकले होते. तारखा त्याने बोटांवर मोजून सांगितल्या, एकही लपवली नाही. किल्लीचे आम्ही विचारले नव्हते, त्यानेच सांगितले, की ती अजून तिच्याच कमरेला आहे.